बेल वाजली तरी उठायचं नाही

मंगळवार, ४ मार्च

चिरंजीवांचं फर्मान आलं आहे. महिनाअखेरपर्यंत वकील शांत झाला नाही, तर ते त्याला घेऊन जाणार. कुठे, तर ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेहुण्याचं शहराबाहेर मोठं गोदाम आहे, तिथे. "तिथे तो मोकळा राहील, आई." मोकळा म्हणे! साखळीला बांधून पहाऱ्याला बसवतील. मी काय दूधखुळी आहे?

वकील म्हणजे आमचा कुत्रा. तपकिरी, मध्यम चणीचा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. नाव ह्यांनी ठेवलं, कारण समोरच्याचं काही ऐकून न घेता तो आधी हरकत घेतो. कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, झाडू, जिन्यातून खाली जाणारी कुणाची छत्री, सगळ्यावर हरकत. सगळ्यात मोठी हरकत दारावरच्या बेलवर. पूर्वी एवढा नव्हता. डिसेंबरात ह्यांना झटका आला, ॲम्ब्युलन्सची माणसं आली, त्या दिवसापासून बिघडला.

"बाबांच्या हृदयाला असे दचके चालत नाहीत," असं चिरंजीवांचं म्हणणं. आता खरं सांगायचं तर ह्यांना दचका बसतच नाही. सगळी नोकरी छापखान्यात मशीनशेजारी काढली, त्यात उजवा कान पूर्ण गेला आणि डावा अर्धा. कानातलं यंत्र हे जेवताना आणि बातम्यांना लावतात, बाकी वेळ ते डबीत. वकील भुंकून घर डोक्यावर घेतो तेव्हा घरात सगळ्यात निवांत हेच असतात. हे मी चिरंजीवांना सांगितलं, तर म्हणाले, "आई, प्लीज." झाला युक्तिवाद.

मी जन्मभर मुलींच्या शाळेत खेळाचे तास घेतले. अख्खं मैदान एका शिट्टीत गप्प केलं आहे. एका कुत्र्याची काय कथा! त्याला तोंडावर सांगितलं, कुत्रा या घरातून कुठेही जाणार नाही. तो शांत होईल आणि मीच करीन. बघतेच.

बुधवार, ५ मार्च

कपाटातून जुनी शिट्टी काढली. वकिलाला दिवाणखान्याच्या मधोमध उभं केलं आणि आवाज लावला, "सावधान!" तो दोन पायांवर उभा राहून माझ्या खांद्याला भिडला. "विश्राम!" म्हटलं, तर सोफ्यावर. शिट्टी फुंकली तेव्हा त्याने मान वर करून असा सूर लावला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले. त्यांनी बेल वाजवली. बेल वाजली म्हणून वकील भुंकला, तो भुंकला म्हणून मी शिट्टी फुंकली, मी फुंकली म्हणून त्याने परत सूर लावला. गृहस्थ दारातच म्हणाले, "बाई, कुत्र्याचं चालेल एक वेळ. शिट्टीचं काहीतरी बघा."

हे जेवायला बसले होते. त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

शनिवार, ८ मार्च

काही उपयोग नाही. मी एकदा "गप्प" म्हणून ओरडले की तो दोनदा ओरडतो. त्याला वाटतं मी त्याच्या बाजूने बोलते आहे.

त्यात फोन. सकाळी उठले का, गोळी घेतली का, दुपारी झोपले का, आवाज बारीक का येतोय. उचलायला जरा उशीर झाला की पुढचा फोन सूनबाईंचा, आणि तोही हुकला की समोरची शेजारीण दारात. "मुलाने बघून यायला सांगितलंय हो." पाळत ठेवली आहे आमच्यावर. मुलगा आहे की जेलर, कळत नाही.

आज तर कहर झाला. मी न्हाणीघरात होते आणि बाहेर वकील जीव तोडून भुंकायला लागला. तशीच ओल्या केसांनी बाहेर आले, तर चिरंजीव घरात! बेल न वाजवता! हॉस्पिटलच्या दिवसांत माझ्या पर्समधून किल्ली घेऊन तिची दुसरी करून घेतली होती म्हणे, मला न विचारता. "बेल वाजवली असती तर कुत्रा भुंकला असता." मग आत्ता काय भजन म्हणत होता?

हे आतल्या खोलीत गाढ झोपले होते. हा दाराच्या चौकटीला टेकून नुसता बघत उभा. झोपलेल्या माणसात बघण्यासारखं काय असतं? म्हटलं, "काय मोजतोयस? पंखा अजून आहे आणि कपाटही आहे." चहा टाकला होता, तोही न घेता गेला. नाकावर राग, बाकी काही नाही.

सोमवार, १० मार्च

जनावरांच्या डॉक्टरांनी एका मुलीचं नाव सुचवलं. ती कुत्र्यांची शिकवणी घेते. आज आली. माझ्या शाळेतल्या मुलींएवढीच दिसते, पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर केस चिकटलेले. आली आणि फरशीवर बसली. कुत्र्याकडे बघेना, त्याच्याशी बोलेना. वकिलाने तिच्यावर यथेच्छ हरकती घेतल्या, मग कंटाळून तिच्याजवळ आडवा झाला. तेव्हा कुठे तिने उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा त्याच्या पंजाशी ठेवला.

"काकू, गप्प करणं वेगळं आणि शांत करणं वेगळं," म्हणाली. मी म्हटलं, मला दोन्ही चालेल.

मग तिने मला खुर्चीत बसवलं आणि बाहेर जाऊन बेल वाजवली. परत आली तर मी दारात, वकील माझ्या पायात, सगळा गोंधळ.

"काकू, बेल वाजल्यावर आधी कोण उठतं?"

"वकील."

"नाही. तुम्ही."

"मग दार काय आपोआप उघडणार आहे?"

"उघडा की. पण तुम्ही उठत नाही, झेप घेता. आणि त्याच्या आधी श्वास धरता. त्याचं लक्ष बेलकडे नाहीच, तुमच्याकडे आहे."

माझ्या श्वासाबद्दल ही मला सांगणार! मी आयुष्यभर मुलींना श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. ओठांवर आलं होतं, पण ह्यांनी तेवढ्यात तिला बिस्किटांची बशी पुढे केली आणि माझं वाक्य वाया गेलं.

जाताना तिने नियम सांगितला. वकिलाची जागा म्हणजे कोपऱ्यातली सतरंजी. बेल वाजली तरी उठायचं नाही. बेल पूर्ण थांबली आणि वकिलाने हनुवटी सतरंजीवर टेकली, की सावकाश उठायचं. मध्ये पुन्हा वाजली तर पुन्हा बसायचं. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, येणारा कुणीही असो.

मुलगी मला मुळीच पटलेली नाही. पण नियम म्हटला की मी तो पाळते. मुलींना पाळायला लावले, मग मी का नाही?

गुरुवार, १३ मार्च

दोन दिवस सराव चालू आहे. बेल वाजवायचं काम ह्यांच्याकडे. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंच होतं, हे चालायचं नाव काढत नव्हते. आता बेल वाजवायची, एक जिना उतरायचा, चढून यायचं, परत वाजवायची. एकदम खूष आहेत. कधी लांब वाजवतात, कधी दोन छोट्या, कधी ठेका धरून. मी म्हटलं, "बँड लावलाय का?" तर म्हणाले, "सगळ्या जातीचे पाहुणे येऊन गेले पाहिजेत ना."

वकिलाला पहिल्या दिवशी सतरंजी टोचत होती. आज मात्र एकदा, खरंच एकदा, तो नुसता गुरगुरला आणि हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहिला. अंड्याचा तुकडा मी इतक्या घाईने दिला की माझं बोटच चावलं असतं त्याने.

सिलिंडरवाला परत गेला. कुरियरवालाही. इस्त्रीचे कपडे जिन्यात पडून होते. नियम म्हणजे नियम.

कठीण मलाच जातं. बेल वाजली की पाय आपले आपण उठतात. आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि बेल वाजत होती. उठावं तर डोकं खाली ठेवायला लागणार, न उठावं तर दार कोण उघडणार? शेवटी ठेवलं खाली, फरशीवर. उशीसुद्धा नव्हती. ते आत्ता लिहायचं काही कारण नाही. विषय कुत्र्याचा चालला आहे.

रविवार, १६ मार्च

आज नणंदबाई आल्या. न कळवता, हातात भली मोठी पिशवी घेऊन.

बेल वाजली. मी खुर्चीत, हे पेपरात, वकील सतरंजीवर. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलं. हनुवटी खाली चालली होती एवढ्यात दुसरी बेल. मान वर. परत खाली, परत बेल. नणंदबाईंना धीर हा प्रकार ठाऊकच नाही. वकील इतका गुणी कधी वागला नव्हता आणि त्या त्याचं सगळं मोडत होत्या.

"अगं, आत आहात ना? खुर्ची वाजलेली ऐकली मी!"

मी काय बोलणार? नियमात बोलणं बसत नाही. ह्यांच्या कानात यंत्र नव्हतं. त्यांनी पेपरावरून माझ्याकडे बघून हसून घेतलं, म्हणजे किती छान बसलाय बघ वकील. शेवटी बाहेर शांतता झाली, हनुवटी टेकली, मी सावकाश उठले. नणंदबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन.

"मी काय दारोदार फिरणारी आहे?"

"वन्सं, तुम्ही बेल थांबवली असतीत तर केव्हाच उघडलं असतं."

त्यांना हे समजावून सांगायला अर्धी दुपार गेली आणि तरी समजलं नाही. वकील मात्र त्यांच्या पायाशी इतका शहाण्यासारखा बसला की शेवटी त्यांनीच पिशवीतला पाव काढून त्याला घातला. मला वाटलं मिटलं. कसलं मिटतंय! जिना उतरता उतरता भाच्याला फोन.

लगेच चिरंजीवांचा मला. "दार का नाही उघडलंत? आत्या किती वेळ उभी होती! काय चाललंय तुमचं? उघडायचं दार! बेल वाजली की उघडायचं!" आवाज कसा, घसा बसल्यासारखा. मी म्हटलं, "आधी भुंकतो म्हणून तक्रार, आता भुंकत नाही म्हणून. एक काय ते ठरव. आणि आईशी बोलताना आवाज खाली." त्याने फोन ठेवला. ठेवू दे. मी घाबरत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

शिकवणीवालीने नवीन धडा दिला आहे. त्याचं नाव 'काही न करण्याचा तास'. कुत्र्याला घेऊन वर्दळीच्या जागी बसायचं. फिरवायचं नाही, बोलायचं नाही, हुकूम द्यायचा नाही. दोरी सैल. लोक, सायकली, हातगाड्या जातात येतात, आपण बसायचं. "जगात बऱ्याच गोष्टी चालू असतात आणि त्यातल्या बहुतेकांशी आपला काही संबंध नसतो, एवढंच त्याला कळायला हवं."

मला हा प्रकार महाभयंकर वाटला. मी आयुष्यात काही न करता बसलेली नाही. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. एक माणूस हातगाडी उलटी लावत होता, त्याला सांगावंसं वाटत होतं. दोन मुली शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर घेऊन वाकड्या चालत होत्या, त्यांना सांगावंसं वाटत होतं. वकिलालाही असंच सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून गिळून टाकलं.

हे एवढं लांब डिसेंबरनंतर पहिल्यांदाच आले. यंत्र लावून आले होते, मुद्दाम. समोर बघतच म्हणाले, "रात्री तू माझ्या नाकासमोर बोट धरतेस ना, ते मला कळतं."

मी म्हटलं, "डास होता."

"रोज?"

"डास रोजच असतात."

वकील तेवढ्यात आडवा झाला, आपणहून, भर बाजारात, कुशीवर. मला एकदम रडायला आलं. इतक्या मेहनतीने जनावर शिकतं तेव्हा शिकवणाऱ्याला रडू येणारच. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला, त्याला बडीशेपेचा वास होता.

मंगळवार, २५ मार्च

कुकर. लिफ्ट. वरच्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं भांडण, भांड्यांसकट. वकील सतरंजीवर. मीही खुर्चीत, शेवटपर्यंत. भांडणात चूक नवऱ्याची होती.

शनिवार, २९ मार्च

"उद्या सकाळी येतोय, गाडी घेऊन. त्याची ताटली आणि अंथरूण काढून ठेव."

"तो शांत झालाय. तूच येऊन बघ."

"आई, तू गेल्या आठवड्यातही हेच म्हणालीस. आणि आत्याला बाहेर ठेवलंस. मला नाही आता हे झेपत."

झेपत नाही म्हणे! त्याला काय करायचंय? कुत्रा मी सांभाळते, नवरा मी सांभाळते. सगळ्यांच्या झोपेचा, गोळ्यांचा, पथ्याचा हिशोब मी ठेवते. हा नुसता फोनवरून हुकूम सोडणार आणि ह्याला झेपत नाही.

ये म्हटलं. पण येईल तो पाहुण्यासारखा येईल. किल्लीने गुपचूप शिरायचं, कुत्रा दचकवायचा आणि मग 'बघ, भुंकला' म्हणायचं, हे चालणार नाही. आतून कडी घालणार आहे. बेल वाजव आणि ऐक, तुझ्या कानांनी ऐक, आतून एक शब्द येत नाही. ह्यांना मी बेत सांगितला. ह्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे काय ते कर." म्हणजे पाठिंबा.

रविवार, ३० मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळची सगळी कामं आटोपून आम्ही बसलो होतो. हे खिडकीपाशी पेपर घेऊन, यंत्र डबीत. वकील सतरंजीवर. कडी घातलेली. आधी किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि दार कडीवर आपटलं. वकिलाचा उभा कान आणखी उभा झाला. मी नुसती बोटाने सतरंजी दाखवली. मग बेल.

एक हूं नाही की चूं नाही. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, हनुवटी हळूहळू खाली आणायला लागला. ऐक म्हटलं मनात, ऐक लेका. बेल पुन्हा. मान वर, आवाज नाही. बेल पुन्हा. मला मजा येत होती. खोटं कशाला लिहू? महिनाभर ज्याने पाण्यात पाहिलं, तो दाराबाहेर आणि माझा कुत्रा आत पुतळ्यासारखा. बेल थांबल्याशिवाय उठायचं नाही, आणि तो ती थांबवत नव्हता. मग मी कशी उठणार? बसले.

मग दारावर थाप. "आई!" मग दोन्ही हातांनी. "बाबा! आई!" आत माझा फोन वाजायला लागला, तो स्वयंपाकघरात होता. फोन वाजत होता, बेल वाजत होती, दार हादरत होतं. आणि वकील गप्प. मी म्हटलं, नणंदबाईंचाच भाचा, धीर नाही.

मग त्याचा आवाज फाटला. "वकील!" अशी हाक मारली त्याने. चार महिने 'तो कुत्रा' म्हणणाऱ्याने. "वकील! अरे, भुंक ना! भुंक रे! कुणीतरी आवाज करा!"

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळेना, मला कळेना. बेल थांबली नव्हती, हनुवटी टेकली नव्हती. मी उठले. उठले कसली, खुर्ची मागे पडली. कडी काढली तर तो खांद्याने दार ढकलतच होता, तो आत पडला, मला ढकलून पुढे धावला आणि खिडकीपाशी जाऊन थांबला.

ह्यांनी पेपर खाली केला. "अरे, आलास? बेल नाही का वाजवायची?"

तो मटकन खाली बसला, खोलीच्या मधोमध, अर्धा सतरंजीवर. एवढा मोठा माणूस, कपाळावर केस विरळ व्हायला लागलेत, आणि गुडघे पोटाशी घेतलेले. मी पाणी आणलं, तर ग्लास त्याच्या दातांवर वाजत होता.

"त्या दिवशी," म्हणाला, "तू फोन केलास ना, मी तसाच निघालो. येऊन बेल वाजवत होतो. तुम्ही कधीच हॉस्पिटलात गेला होतात. मला कुठे माहीत? तुझा फोन लावला तर तो आत वाजत होता."

खरं आहे. फोन ओट्यावरच राहिला होता.

"शेजारीही घरी नव्हते. आतून हा एकटा भुंकत होता. मी दाराला कान लावून बसलो. मला वाटलं, तुम्ही दोघंही आत... आणि हा सांगतोय. किती वेळ बसलो माहीत नाही. अजून झोपेत ऐकू येतं मला ते. ह्याचं भुंकणं आणि तो फोन." मग वकिलाकडे बघून म्हणाला, "आणि आज तर हाही नव्हता."

म्हणून ती किल्ली. म्हणून दिवसभर फोन. मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू धावत होतीस आई. तुला सांगायचं तरी केव्हा?"

एरवी मी त्याला म्हटलं असतं, ऊठ, तोंड धू, एवढा काय घाबरतोस. आज म्हटलं नाही. त्याच्या शेजारी फरशीवर बसले. पाठ थोपटली नाही, काही विचारलं नाही. वकील उठून आला, त्याचे बूट हुंगले आणि त्याच्या पोटरीवर हनुवटी टेकून पडून राहिला. ह्यांनी डबी उघडून यंत्र लावलं आणि आपली खुर्ची आमच्याजवळ ओढली. बराच वेळ आम्ही चौघांनी काहीच केलं नाही.

शेवटी मीच बोलले. कुणीतरी बोलायला हवं होतं. "कुत्रा इथून कुठेही जाणार नाही. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आत्ताही म्हणते."

"नेत नाही," तो म्हणाला. "पण त्याला परत भुंकायला शिकव."

"महिना घातलाय मी!"

"एकदाच, आई. बेल वाजली की एकदा. म्हणजे मला कळेल की आत आहात."

सोमवार, ३१ मार्च

शिकवणीवालीला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसली. म्हणाली, "शिकवता येईल. एकदा भुंकायचं, मग सतरंजी. पण काकू, मी तुम्हाला दार उघडूच नका असं कधी म्हटलं होतं?" मी म्हटलं, नियम तसाच होता. ती म्हणाली, नियम कुत्र्यासाठी होता. हा काय फरक झाला? आमच्या शाळेत नियम सगळ्यांना सारखा असायचा.

सराव लगेच सुरू केला. बेल वाजवायला ह्यांच्या जागी आता चिरंजीव येणार, रोज ऑफिस सुटल्यावर. फोनपेक्षा हे बरं. हे नाराज आहेत. त्यांचा जिना गेला. त्यांना म्हटलं, तुम्ही बाजारापर्यंत चाला, मी एकटीच घरी थांबते. हे म्हणाले, "एकटी थांबशील?" मी म्हटलं, "तुम्ही एकटे चालाल का ते बघा." आणि गेले की! मी खिडकीतून पाहिलं, एकदाच. कोपऱ्यापर्यंत. पुढचं दिसत नव्हतं, नाहीतर तेही पाहिलं असतं.

संध्याकाळी हे परत आल्यावर थोड्या वेळाने बेल वाजली. एकदाच, लहानशी. वकिलाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्याने एक, अगदी दणदणीत, हरकत घेतली. मग सतरंजी. बाहेरून आवाज आला, "हो रे, ऐकलं." वकिलाने शेपटी फरशीवर आपटली. बाहेरून परत, "जेवलास का?" मी दार लगेच उघडलं नाही. त्यांचं बोलणं होऊ दिलं.

मग उघडलं आणि आधीच सांगून टाकलं, "कुत्रा माझा आहे, एवढं लक्षात ठेवायचं."

तो म्हणाला, "आधी बूट काढू का?"